रात्री दहाचा सूर्यास्त

युरोपला निघताना भाजणी, मेतकूट, खाकरे असे सारे बांधून घेतले होते. सासूबाईंच्या नियमाचा विचार मात्र कोणी केला नव्हता. सूर्यास्तानंतर त्या अन्नपाणी घेत नाहीत. सांगलीत सात-सव्वासातला हा प्रश्न मिटतो. पण सांगली सतराव्या अक्षांशावर आणि ॲमस्टरडॅम बावन्नाव्या. जूनअखेरीस तेथे रात्रीचे दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. मुले हरखली, "आजी, आता दहापर्यंत खा!" आई मात्र घरच्याप्रमाणे सातच्या आत पान आटोपत. एवढ्या लख्ख उजेडात त्यांचे पाण्यावाचून बसणे मला, खरे सांगायचे तर, हट्टाचे वाटे.

स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेन हे गाव उभ्या कड्यांच्या तळाशी वसले आहे. तेथे आम्ही जेवायला बसण्यापूर्वीच सूर्य कड्याआड गेला. ह्यांनी मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ दाखवली. अजून पुष्कळ अवकाश होता.

"मला दिसेनासा झाला, तेवढे पुरे," म्हणत आईंनी ताट सारले.

"इथे तरी जरा सोडा ना, आई!" मी नको तितक्या मोठ्याने बोलले. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, हे अधिक लागले.

पाच आठवड्यांनी घरी परतलो. पहिल्या संध्याकाळी सातला कोणालाच भूक नव्हती. शरीराच्या घड्याळात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. मध्यरात्री मात्र पोटात कावळे ओरडू लागले. स्वयंपाकघरात लाडवांचा डबा उघडला, तोच मागे आई उभ्या. त्यांनाही झोप नव्हती.

"तिकडे आता साडेआठ. ऊन असेल अजून," त्या हसून म्हणाल्या.

मी डबा पुढे केला. त्यांनी त्यातून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि झाकण लावले.