'ये', 'हे' आणि 'दिस'

पेणचा बाजार असो की रोह्याचं स्टेशन, पालकांची तक्रार एकच असते: आमच्या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी दहावी झालेलं मूल 'दिस बुक्स' म्हणतं आणि ऐकणारे हसतात. उर्दू आणि मराठी शिकवताना माझं मत असं झालंय की, ही चूक अडाणीपणाची नाही. मूल आपल्या भाषेचा नियम इंग्रजीला लावत असतं.

उर्दूत 'ये किताब' आणि 'ये किताबें'. एक असो वा दहा, 'ये' तसाच राहतो. मग 'दिस'चं 'दीज' का करायचं, हे मुलाला कळणार कसं? मराठीत 'हा, ही, हे' लिंग पाहतात, ते इंग्रजी पाहतच नाही. त्यात 'ही वही' एक आणि 'ही पुस्तकं' अनेक!

पण उत्तरही आपल्याच भाषांत आहे. जवळचं आणि लांबचं हा फरक मुलाला 'ये-वो', 'हे-ते' यांतून आधीच येतो. राहिलं एक आणि अनेक. उर्दूच्या मुलाला सांगा, 'इस किताब में' तिथे 'दिस', 'इन किताबों में' तिथे 'दीज'. 'उस'ला 'दॅट', 'उन'ला 'दोज'. मराठीच्या मुलाला सांगा, शेवटी 'आहे' येत असेल तर 'दिस', 'आहेत' येत असेल तर 'दीज'. उच्चारातही उर्दूची मदत होते. 'दीज'च्या शेवटी 'ज़े'चा आवाज आहे, तो आपल्या मुलांच्या जिभेवर आधीपासून आहे.

एक अपवाद मात्र समजावून सांगायला हवा. 'हे माझे अब्बा आहेत' असं आपण अदबीने म्हणतो. त्याच अदबीने मूल 'दीज आर माय फादर' म्हणतं. त्याला सांगावं की इंग्रजीत माणूस एक असेल तर 'दिस इज माय फादर'च म्हणतात, त्यात बेअदबी नाही. तसंच समोरच्याचं म्हणणं पटलं की आपण 'हे खरं आहे' म्हणतो; इंग्रजीत तिथे 'दॅट्स ट्रू' म्हणतात, कारण बोलणं त्याचं होतं.

एवढ्याशा शब्दांसाठी इतका खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला आलेल्या पाहुण्यांना बोट दाखवून काम भागतं. पण धाटावच्या कारखान्यातून नोकरीसाठी फोन आला तर बोट कोणाला दिसणार? तिथे शब्दच बोलतात.

आणि खरं नुकसान चुकीने होत नाही, हसण्याने होतं. हसू झालेलं मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्याला कोणतीच भाषा बोलता येत नाही. म्हणून इंग्रजीच्या तासाला उर्दू-मराठीला वर्गाबाहेर काढण्याची जी फॅशन आली आहे, ती मला पटत नाही. मूल चुकलं तर आधी विचारा, 'बेटा, हे आपल्या भाषेत कसं म्हणशील?' चूक कुठून आली, ते त्याच्या उत्तरातच सापडेल.