पाच सीझन, सहा कोच: एफसी पुणे सिटीकडून दुकानदारानं काय शिकायचं?



'पहिला मॅनेजर कधी आणि कसा ठेवायचा' या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणालो होतो, "एफसी पुणे सिटीनं रांको पोपोविचना थांबवायला हवं होतं." बऱ्याच जणांनी विचारलं, सर, हे कोण आणि यांचा आमच्या दुकानाशी काय संबंध? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये नारंगी टी-शर्ट घालून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांपैकी मी एक होतो. त्यामुळे यातलं मत फॅनचं आहे आणि हिशोब दुकानदाराचा.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पुण्याचा संघ होता एफसी पुणे सिटी. पाच सीझन खेळला आणि २०१९ मध्ये बंद पडला. या पाच सीझनमध्ये मुख्य कोच झाले सहा. फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अँटोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल पोर्तुगाल आणि फिल ब्राउन. शिवाय मध्ये काही सामने प्रद्युम रेड्डी यांनी सांभाळले, ते वेगळंच.

माझं मत सरळ आहे. यातला एकही माणूस बिनकामाचा नव्हता. चूक माणसं निवडण्यापेक्षा माणसं टिकवण्यात झाली.

मोठं नाव, छोटा उपयोग

पहिली तीन वर्षं आठव्यात. २०१४ ला डेव्हिड त्रेझेगे आला. फ्रान्सकडून १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेला, २००० च्या युरो फायनलमध्ये गोल्डन गोल मारलेला माणूस. २०१५ ला रोमानियाचा एड्रियन मुटू. २०१६ ला आइसलंडचा आयदुर गुडयॉनसन, जो सीझनआधीच जखमी झाला आणि पुण्यासाठी एकही सामना खेळला नाही. त्याच्या जागी मग मोहम्मद सिसोको आला.

त्रेझेगे, मुटू, गुडयॉनसन, तिघंही पस्तिशी ओलांडलेले. स्टेडियमवर लोक यायला हवेत, टीव्हीवर चर्चा व्हायला हवी, तर असं एखादं नाव लागतं, हे मलाही मान्य आहे. पण ते नाव म्हणजे दुकानाची पाटी. पाटी बघून गिऱ्हाईक एकदा आत येतं. दुसऱ्यांदा येतं ते काउंटरवरच्या माणसामुळे. निकाल बघा: आठ संघांच्या लीगमध्ये आपण सहावे, सातवे, पुन्हा सहावे. तीन वर्षांत एकदाही सेमीफायनल नाही.

कोचचंही तेच. एक इटालियन, मग इंग्रज, मग स्पॅनिश. प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी, प्रत्येकाला हवे असलेले खेळाडू वेगळे. क्लबची बाजूही सांगायला हवी. तेव्हा लीग जेमतेम अडीच महिन्यांची असायची आणि करारही तसेच छोटे. तरी परिणाम व्हायचा तो होतोच. नवा माणूस आला की आधी सगळे रॅक हलवतो, आणि रॅक लागून होईपर्यंत सीझन संपलेला असतो.

जमलं, तेव्हा कसं जमलं?

२०१७-१८ ला सर्बियाचे पोपोविच आले. या वेळी क्लबनं खरेदी शहाणपणानं केली. मार्सेलिन्यो आधीच्या सीझनला दिल्लीकडून खेळताना लीगचा टॉप स्कोअरर होता. एमिलियानो आल्फारो नॉर्थईस्टकडून खेळून आलेला. म्हणजे दोघांनाही इथली हवा, इथली मैदानं, इथले बचावपटू ठाऊक होते. जगात गाजलेला माणूस आणण्याऐवजी याच बाजारात चाललेला माणूस आणला.

सोबत तरुण पोरं होती. गोलमध्ये हिमाचलचा विशाल कैथ. आघाडीला मलप्पुरमचा आशिक कुरुनियन, पुण्याच्या अकॅडमीत घडलेला. पोपोविच तापट होते. पंचांवर बोलल्यामुळे त्यांच्यावर निलंबनाची कारवाईही झाली. पण संघाला एक आकार आला होता. दहा संघांत आपण चौथे आलो आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा सेमीफायनल खेळलो. बालेवाडीत बेंगळुरूला ०-० रोखलं. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं हॅटट्रिक मारली आणि आपण ३-१ हरलो. वाईट वाटलं, पण स्टेडियममधले आम्ही सगळे एकच बोलत होतो: पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी पोपोविच नव्हते. नवा सीझन मिगेल पोर्तुगाल यांच्यासोबत सुरू झाला आणि तीन सामन्यांनंतर तेही गेले. मग रेड्डी, मग फिल ब्राउन. ब्राउन यांनी गाडी बरीच रुळावर आणली, तरी शेवटी सातवा नंबर. मार्सेलिन्यो तोच, आल्फारो तोच, आशिक तोच, विशाल तोच. बदलला होता तो माणसं चालवणारा माणूस.

"पण सर, काही जण पहिल्याच वर्षी जिंकून देतात"

बरोबर आहे, आणि उदाहरण आपल्याच यादीत आहे. हबास यांनी कोलकात्याला पहिल्याच सीझनला, २०१४ ला, चॅम्पियन केलं. पुण्यात त्यांना ते जमलं नाही. नंतर कोलकात्याला परत गेले आणि २०१९-२० ला पुन्हा जिंकले. माणूस तोच, गल्ला वेगळा. म्हणजे कोच चांगला की वाईट, एवढाच प्रश्न नसतो. त्याच्या हातात काय दिलं आणि किती दिवस दिलं, हाही असतो. दिवाळीत कुणाचाही गल्ला भरतो. दुकान कळतं ते पितृपक्षात.

याची एक बाजू पुण्यानं आधीच बघितली होती. आय-लीगमध्ये खेळणारा पुणे एफसी हा आपला जुना क्लब. गोव्याचे डेरिक परेरा तिथे काही सीझन सलग कोच होते, आणि २०१२-१३ ला संघ लीगमध्ये दुसरा आला. त्यात वर्ल्ड कपवाला कुणी नव्हता.

दुसरी बाजू पुणे सिटी बंद पडल्यावर दिसली. आपली जागा हैदराबाद एफसीनं घेतली. फिल ब्राउन तिकडे गेले. पहिल्या सीझनला संघ तळाला आणि कोच मध्येच बाहेर. नंतर मानोलो मार्केझ आले. त्यांच्या पहिल्या वर्षी संघ पाचवा, प्लेऑफ हुकला. क्लबनं त्यांना ठेवलं. दुसऱ्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, हैदराबाद चॅम्पियन! त्या रात्री मला हैदराबादचा राग आला नाही. पोपोविच यांचं न मिळालेलं दुसरं वर्ष आठवलं.

मग पोपोविच असते तर क्लब वाचला असता?

नाही. इथे फॅननं स्वतःला फसवू नये. क्लबमागे वाधवान ग्रुपचा पैसा होता, आणि २०१९ मध्ये त्यांच्या डीएचएफएलची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलं. चौथा नंबर आला म्हणून मालकाची तिजोरी भरत नाही. चॅम्पियन झालेल्या हैदराबादमध्येही पुढे खेळाडूंचे पगार थकायची वेळ आली. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चांगला कोच संघ चालवतो. संघ जिवंत ठेवतो तो रोकड. एकाची कमी दुसऱ्यानं भरून निघत नाही.

पण क्लब मेला तरी घडवलेली माणसं राहिली. आशिक बेंगळुरूला गेला, भारताकडून खेळला. विशाल पुढे मोहन बागानकडून आयएसएल जिंकला, गोल्डन ग्लोव्ह मिळवला. त्रेझेगेचा पुण्यातला सीझन आज फक्त आमच्यासारख्यांना आठवतो.

तुमच्या काउंटरवर हे कसं लावाल?

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. नवा मुलगा आला की त्याला दीड स्क्वेअर आणि अडीच स्क्वेअर वायर कुठे ठेवली, कुठला वायरमन कुठल्या कंपनीचा एमसीबी मागतो, कुणाचं उधारीचं खातं किती ताणायचं, हे कळायला सहा महिने जातात. तो सहाव्या महिन्यात गेला तर मी सहा पगार शिकवण्यात घातले आणि कमाई सुरू व्हायच्या दिवशी पुन्हा शून्यावर आलो. म्हणून तीन नियम:

१. माणूस घेताना नावापेक्षा तुमच्या बाजारातला अनुभव बघा. मॉलमधला मॅनेजर तुमच्या गल्लीत चालेलच असं नाही. मार्सेलिन्यो शोधा.

२. कामाला लावताना किती महिन्यांनी काय बघणार हे आधीच ठरवा आणि त्याला सांगा. मधल्या एका वाईट आठवड्यावरून निर्णय नको. ठरलेल्या तारखेला जमलं नसेल, तर मात्र टाळाटाळ न करता निरोप द्या.

३. एक पोरगं हाताखाली घडवत राहा. आज त्याचा पगार जड वाटतो, पण मोठा माणूस सोडून गेला तर शटर तोच उघडतो.

आज पुण्याचा आयएसएलमध्ये संघ नाही. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी, २०१५ ते २०१९ या काळात चारही बंद झाले. एवढ्या मोठ्या शहरातल्या पोरानं व्यावसायिक फुटबॉल खेळायचं ठरवलं तर त्याला मुंबई किंवा गोव्याची गाडी पकडावी लागते. मला याचा त्रास होतो, आणि उद्या कुणी पाचवा क्लब काढला तर मी पुन्हा तिकीट काढून बसेन. फक्त कोचचा करार किती वर्षांचा आहे, हे आधी विचारेन.

या आठवड्याचं काम: गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून किती माणसं सोडून गेली, प्रत्येक जण किती महिने टिकला, आणि त्या महिन्यांचा पगार किती झाला, ते एका कागदावर लिहा. खाली बेरीज मारा. आकडा कमेंटमध्ये टाकला नाही तरी चालेल, पण गल्ल्याजवळ चिकटवून ठेवा.