सणाच्या दिवशीची ड्युटी

आमच्या लहानपणी घरचं लक्ष्मीपूजन बहुधा रात्री साडेबाराला व्हायचं. पंचांगातला मुहूर्त काहीही असो, आमचा मुहूर्त शेवटच्या बसवर ठरायचा. वडील शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. शहराचं नाव सांगत नाही. गोष्ट जुनी आहे आणि ती कुणाच्या माथी मारायची नाही. सगळा वाडा फटाके उडवून, फराळ करून आडवा झालेला असे, तेव्हा जिन्यावर वडिलांच्या वहाणा वाजत. आईचं निरांजनात दोनदा तूप घालून झालेलं असे. खाकी सदरा खुंटीला अडकवून, हातपाय धुऊन वडील पूजेला बसत आणि आम्ही भावंडं पाटावरच पेंगत असू.

मधली चार-पाच वर्षं मात्र आमची पूजा वेळेवर झाली. वडिलांच्या डेपोत त्यांचे एक दोस्त होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दोघांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. दिवाळीला वडिलांची गाडी चाचा काढणार, ईदला चाचांची गाडी वडील. आमच्याकडून चकल्यांचा डबा जाई, तो शीरखुर्मा भरून परत येई.

मग ड्युट्या लावणारे साहेब बदलले. नव्या साहेबांना कागदावर नसलेली गोष्ट मान्य नव्हती. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. त्या वर्षी वडील दिवाळीला गाडीवर होते आणि चाचा ईदला. दोघांनीही तक्रार केली नाही. करणार कशाच्या जोरावर? युनियनने केलेल्या करारात पगार होता, महागाई भत्ता होता, गणवेशाचं कापड होतं. सण कुठेच नव्हता.

पुढे मी बँकेत लागलो. १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट आम्हा बँकवाल्यांना फार प्रिय. धनादेश-हुंड्यांचा हा कायदा, पण त्यातल्या पंचविसाव्या कलमाखाली सरकार सार्वजनिक सुट्या जाहीर करतं आणि त्या दिवशी बँका बंद राहतात. वर्षाच्या आरंभी सुट्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली, की आम्ही तिच्याखाली उभे राहून गावी कधी जायचं ते ठरवत असू. ते दिवस मी मेहरबानी म्हणून कधी घेतले नाहीत. ते माझे होतेच. आणि हेही कधी मनात आलं नाही, की माझ्या सुटीच्या दिवशी मला गावी पोचवणाऱ्याला त्या दिवशी सुटी नसते. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे वेळेवर पोचतो, कारण दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ स्टिअरिंगवर असतो.

माझाही एक गुन्हा इथे कबूल करतो. शाखेचा कारभार माझ्याकडे असताना आमच्या शिपायाने ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायला रजा मागितली. काम होतं. मी म्हणालो, "अहो, दरवर्षी जायलाच हवं का?" त्याने अर्ज उचलला आणि काही न बोलता निघून गेला. गणपतीला कोकणात जाणाऱ्या एकाही कारकुनाला मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. रजा देणं-न देणं साहेबाच्या मर्जीवर सोडलं, की साहेबाला स्वतःचा सण सण वाटतो आणि दुसऱ्याचा सण म्हणजे गैरसोय. मी काही फार वेगळा साहेब नव्हतो.

म्हणून आजकाल एसटीच्या किंवा शहर बससेवांच्या वाटाघाटींच्या बातम्या आल्या, की मी त्यात सण शोधतो. तो सापडतो, पण वेगळ्याच रूपात. २०१७ साली एसटीचा संप सुरू झाला तो ऐन धनत्रयोदशीला. उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि भाऊबीजेच्या सुमारास तो मिटला. विलीनीकरणाच्या मागणीवरून २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर पेटलेला संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. २०२४ मध्ये गणेशचतुर्थीच्या चार दिवस आधी गाड्या थांबल्या आणि मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ घेऊन सुटल्या. प्रवाशांचे हाल झाले, आपण चिडलो. चिडण्यात गैर काही नव्हतं. पण सणाच्या दिवसांतच आपल्याला एसटीची एवढी गरज भासते, हे त्या माणसांनाही ठाऊक आहे. वर्षानुवर्षं सण वाटाघाटीत येतो तो हत्यार म्हणून. हक्क म्हणून तो टेबलावर आला, अशी चर्चा मात्र मी क्वचितच ऐकली.

कुणी म्हणेल, सणाला काम केलं तर त्याचा मोबदला किंवा बदली सुटी मिळते की! बऱ्याच ठिकाणी मिळते, मिळायलाच हवी. २०२३ च्या दिवाळीत एसटीने हंगामापुरतं भाडं दहा टक्के वाढवलं होतं; म्हणजे सणाच्या दिवसाची किंमत नेहमीपेक्षा जास्त असते, हे हिशेबालाही पटतं. पण पुढच्या मंगळवारी मिळालेली बदली सुटी ही दिवाळी नव्हे. मंगळवारी घरी बसलेल्या बापाची मुलं शाळेत असतात.

मग काय, सणाला गाड्याच बंद ठेवायच्या? लंडनमध्ये २५ डिसेंबरला बस आणि भुयारी रेल्वे धावत नाहीत आणि शहर ते मान्य करतं. ऐकायला छान वाटतं. पण तिथल्या मुसलमान किंवा हिंदू ड्रायव्हरला त्यातून नाताळ मिळतो, ईद किंवा दिवाळी नव्हे. सगळ्यांना एकच सुटी दिली म्हणजे समान वागणूक झाली, असं नाही. शिवाय आपल्याकडे गणपतीत चार-चार हजारांहून जास्त जादा गाड्या कोकणात जातात. त्या बंद ठेवा म्हणणाऱ्याला कोकणी माणूस घरात घेणार नाही!

उपाय याहून साधा आहे. दर कामगाराने वर्षारंभी आपले दोन दिवस लिहून द्यावेत. कुणी लक्ष्मीपूजन लिहील, कुणी रमजान ईद, कुणी १४ एप्रिल, वसईचा कुणी नाताळ. कुणी मुलीचा वाढदिवसही लिहील. कारण विचारू नये, धर्म तर नाहीच नाही. ईदचा दिवस चंद्रावर ठरतो, तेव्हा एक दिवस मागेपुढे होण्याची सोय आधीच ठेवावी. एकाच दिवसासाठी फार नावं आली, तर ज्याने गेल्या वर्षी त्या दिवशी गाडी काढली त्याचा हक्क पहिला. आणि वडील व चाचांनी केली तशी अदलाबदल दोघांच्या सह्यांनी रजिस्टरात नोंदवली, की ती कोणत्याही साहेबाला खोडता येऊ नये. हे सगळं करारात कलम म्हणून यावं.

याला आधारही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या आठ भरपगारी सुट्या आहेत. चार ठरलेल्या आणि चार मालक-कामगारांनी आपसांत ठरवायच्या. आपसांत ठरवणं हे तत्त्व दुकानाला चालतं, तर डेपोलाही चालावं.

खर्च येईल. राखीव माणसं थोडी वाढवावी लागतील आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चार गाड्यांपैकी एखादी कमी सुटेल. ही कमी पडलेली गाडी आपण प्रवाशांनी सोसायची आहे. युनियनने मागायचं आणि प्रशासनाने द्यायचं, हे खरं. पण स्टॉपवर वीस मिनिटं जास्त उभं राहायची आपली तयारी नसेल, तर ते कलम पहिल्याच दिवाळीत मोडेल.

वडील निवृत्त झाले त्या वर्षी आईने पूजा संध्याकाळी सातला मांडली. सगळं यथासांग झालं. रात्री साडेबाराला मला जाग आली, तर वडील गॅलरीत उभे होते. खालून शेवटची बस डेपोकडे चालली होती, आत एकही उतारू नव्हता. वडील म्हणाले, "याच्या घरी अजून पूजा व्हायचीय." आणि बस वळेपर्यंत तिथेच उभे राहिले.