जयपूर फूटची साक्ष

‘श्रीमंतांवर कर वाढवाल तर देशात नवं काही घडायचंच नाही,’ हा इशारा अर्थसंकल्पाच्या तोंडावर दरवर्षी ऐकू येतो. युक्तिवाद असा, की नवं शोधणाऱ्याला घबाडाची आशा हवी. त्या आशेपोटी शोध लागतात, शोधांमुळे वाढ होते आणि वाढ यथावकाश खाली झिरपते. तेव्हा विषमतेची कुरकुर करू नये.

यात तथ्यच नाही असं कोण म्हणेल? 1973-74 मध्ये आपल्याकडे प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह 97.75 टक्के होता. त्यानं समता आली नाही, काळा पैसा तेवढा पोसला गेला. माणूस मोबदल्यासाठी झटतो, हेही खरं. पण ‘मोबदला हवा’ इथून थेट ‘म्हणून विषमता हवी’ इथवर उडी मारली जाते, ती कशाच्या बळावर?

जयपूरचंच बघा. सवाई मानसिंह रुग्णालयात 1968 मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ हे कृत्रिम पाऊल घडवलं. शर्मा जेमतेम चौथी शिकलेले. तेव्हाचं परदेशी पाऊल बुटात घालायचं, घोट्यात न वळणारं. ते लावून ना उकिडवं बसता येई, ना मांडी घालता येई, ना चिखल तुडवत शेतात जाता येई. पंक्चरवाल्याकडचं रबर पाहून शर्मांना युक्ती सुचली, असं सांगतात. लाकूड, स्पंजासारखं रबर आणि वरून कातडीच्या रंगाचं व्हल्कनाइज्ड रबर. अनवाणी चालणाऱ्याचं पाऊल तयार झालं. पेटंट कुणी घेतलं नाही. 1981 मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांच्या पदरात त्या मानानं फारच थोडं पडलं. (घबाडाचा सिद्धान्त मांडणारे या कारागिराचं काय करतात, हे मला अजून उमगलेलं नाही.)

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. शोध लागल्यावर पहिल्या सात वर्षांत हे पाऊल पन्नासेक जणांनाच बसवलं गेलं. ज्याला गरज, त्याच्या खिशात पैसा नाही. ‘बाजार’ कुठून येणार? 1975 मध्ये सनदी अधिकारी डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि पाय फुकट बसवायला सुरुवात केली. आकडा मग हजारांत, लाखांत गेला. एवढी माणसं पाय वापरू लागली म्हणूनच पुढच्या सुधारणांना वाव मिळाला. इस्रोनं पॉलीयुरेथेनच्या पावलाचं तंत्र दिलं, स्टॅनफर्डसोबत ‘जयपूर नी’ हा गुडघा तयार झाला आणि 2009 च्या ‘टाइम’च्या उत्कृष्ट शोधांच्या यादीत गेला. इथं आधी वाटप झालं, नवनिर्मितीला त्यातून बळ मिळालं.

‘पण समिती चालते ती धनिकांच्या देणग्यांवर!’ चालते, आणि त्या दात्यांना नमस्कारच. पण रुग्णालय सरकारी, डॉक्टरचा पगार सरकारी, पुढे अनुदानंही सरकारी. शिवाय दान दात्याच्या मर्जीवर असतं. पाय गमावलेल्यानं त्या मर्जीची वाट का बघावी?

विषमतेमुळे शोध लागतात हे खरं असतं, तर आज आपण जगाच्या पुढे असायला हवे होतो. अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि सहकाऱ्यांच्या मांडणीनुसार 2022-23 मध्ये देशाच्या उत्पन्नातला 22.6 टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. इंग्रजी अमदानीतल्याहून जास्त. आणि संशोधनावरचा आपला खर्च? 2020-21 मध्ये जीडीपीच्या 0.64 टक्के. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी पेटंटच्या नोंदी तपासल्या. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं संशोधक होण्याची शक्यता उत्पन्नाच्या खालच्या अर्ध्या घरांतल्या मुलांच्या दहापट निघाली. तिसरीत गणितात सारखेच हुशार असलेल्यांतही गरीब मूल मागेच. विषमता अशी शर्मांसारख्यांना वाटेतच गाळते.

उरला प्रश्न, वाटपासाठी पैसा कुठून आणायचा, हा. महाराष्ट्रानं रोजगार हमीसाठी 1975 पासून व्यवसाय कर लावला. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी निघू लागली. त्या करापायी मुंबईचे उद्योग बुडाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आजही पगारपत्रकावर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात. 1988 च्या घटनादुरुस्तीनं घातलेली 2,500 रुपयांची वार्षिक मर्यादा तशीच आहे, त्यामुळे महिना 30 हजार मिळवणारा आणि 30 लाख मिळवणारा, दोघांचीही कपात तेवढीच होते.