आधी आकडे, मग रंग!

मंडळी, पेट्रोलची घनता काढायचं मोबाईल अ‍ॅप 'सुधारायचं' म्हणजे डार्क मोड आणि लॉगिन टाकायचं, असं आम्हा आयटीवाल्यांनी ठरवूनच टाकलंय की काय?

जरा हिशोब बघा. १२,००० लिटरचा टँकर, पेट्रोल ३० अंशांवर, १५ अंशांची घनता ७४०. तेच पेट्रोल १५ अंशांवर साधारण ११,७८० लिटर भरतं. म्हणजे २२० लिटर नुसत्या उष्णतेचे! पंपावर मोजलेली घनता १५ अंशांवर आणून चलनाशी ताडतात. फरक चालतो फक्त ३ किलो प्रति घनमीटर. आणि तापमान एका अंशाने चुकीचं वाचलं तर घनता ०.९ ने हलते. चार अंश चुकले की चोख मालही भेसळीचा वाटायला लागणार.

अ‍ॅप मात्र पाच दशांश स्थळं मिरवतं. कोष्टक १९८० चं की २००४ चं, ते सांगत नाही. माझं म्हणणं साधं आहे. कोष्टक दाखवा, एका अंशाच्या चुकीने उत्तर किती हलेल ते दाखवा, नेटशिवाय चाला. डीलरची इज्जत या आकड्यावर टांगलेली असते हो. रंगाचं नंतर बघू!