पहिली खेप

परवा सकाळी एक माजी विद्यार्थी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. मराठी घेऊन बी. ए. झालेला. दोन वर्षे नोकरी शोधून दमला आणि शेवटी त्याने हेवी लायसन्स काढले. पेढे पहिल्या नोकरीचे होते. उद्यमबागेतून कास्टिंग भरून पुण्याला जाणाऱ्या ट्रकवर तो ड्रायव्हर म्हणून लागला होता. आनंद दाखवायला मला थोडा वेळ लागला, हे कबूल करतो. चार महिन्यांपूर्वी त्याची आई, "मास्तर, तुम्ही तरी सांगा की ओ त्याला," म्हणून रडून गेली होती आणि मी त्याला समजावलेही होते. त्याने ऐकले नाही.

चहा घेता घेता तो पहिल्या खेपेबद्दल बोलू लागला. मालवाहू गाडीच्या शिकाऊ लायसन्ससाठी वयाची 20 वर्षे पूर्ण लागतात आणि हलक्या गाडीचे लायसन्स निदान वर्षभर जुने असावे लागते. त्याने ते सारे रीतसर केले. पण तो शिकला रिकाम्या गाडीवर आणि परीक्षाही रिकाम्या गाडीवरच दिली. दहा चाकी ट्रकचे मालासह एकूण वजन 2018 पासून 28.5 टनांपर्यंत चालते. त्याआधी ही मर्यादा 25 टन होती. "सर, भरलेली गाडी ब्रेक दाबला तरी ऐकत नाही, विचार करून थांबते," तो म्हणाला. हे त्याला पहिल्यांदा वंटमुरीच्या घाटात कळले.

पूर्वी पोरगा आधी किन्नर म्हणून गाडीवर चढायचा. टायरवर ठोकून हवा ओळखणे, ताडपत्री आवळणे, गाडी मागे घेताना ओरडणे, चाकाखाली दगड लावणे, यात दोन-चार वर्षे जायची. मग एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याला स्टेअरिंगवर बसवायचा. शिव्या आणि मारही असे, तेव्हा त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण चढाला जो गिअर लागतो, त्याच गिअरात उतरायचे, हे अंगात मुरायचे. आता पगार वाचवायला अनेक मालक किन्नर ठेवतच नाहीत. आमच्या विद्यार्थ्याला पहिल्या खेपेपुरता एक जुना ड्रायव्हर सोबत मिळाला, एवढेच.

कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले पुलाकडचा लांब उतार लागला, तेव्हा तो जुना ड्रायव्हर म्हणाला, "न्यूट्रल कर. डिझेल वाचव."

पुण्याला जाणाऱ्यांना हा उतार ठाऊक आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथेच एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली होती. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचे तेव्हा तपासात पुढे आले होते. त्या बातम्या याने वाचल्या होत्या. त्याने न्यूट्रल केले नाही. गिअर उतरवून, इंजिनचा आवाज सोसत, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत तो खाली आला. शेजारचा ड्रायव्हर पुढे बोललाच नाही.

परत आल्यावर हिशोब झाला. मालकाने लिटरला चार किलोमीटर धरले होते. नऊ लिटर जास्त लागले. त्यातले निम्मे पैसे भत्त्यातून कापले.

मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, ट्रकच्या ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद, की हवा भरणेही बंद. ब्रेक दाबेल तशी टाकी रिकामी होत जाते. स्टेअरिंगही जड होते. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केले, तर सारे ओझे ब्रेकवर येते, ते तापतात आणि धरेनासे होतात. गंमत म्हणजे नव्या इंजिनात उतारावर गिअर असून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, की डिझेल सोडणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला ते जळतच राहते. म्हणजे वाचते ते काय? नऊ लिटर जास्त गेले, ते नवखेपणाने चुकीच्या वेळी गिअर बदलण्यात गेले असावेत.

आमच्या वाचकांत दोन-चार गाड्यांचे मालक पुष्कळ असतील. त्यांना विनंती, की नव्या पोराचा भत्ता पहिले तीन महिने तरी डिझेलला जोडू नका. आणि पहिल्या खेपेला सोबत कोणाला बसवता, तेही बघा. त्याने शिकवलेलेच हा पोरगा पुढे करणार आहे.

सहकाऱ्यांचे बोलणे मी आठ-दहा ओळींत मराठीत लिहून दिले. त्याने कागद घडी घालून लायसन्सच्या पाकिटात ठेवला.

"मालक वाचतील का रे?" मी विचारले.

"वाचतील की. डिझेल मोजून झाल्यावर." मग दारात चपला घालता घालता म्हणाला, "आईला न्यूट्रलचं सांगू नका सर. उद्या दुसरी खेप आहे. एकट्यानं."