संगणक सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको



गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा संगणक अचानक बंद पडला. बटण दाबले की पंखा फिरे, दिवा लागे. पण पडदा काळाच आणि आतून सारखा 'बीप-बीप' आवाज. लेकीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि मरहूम अब्बांच्या तिलावतीचे रेकॉर्डिंग त्यातच होते. दुकानदार फोनवरच म्हणाला, "फॉरमॅट करावा लागेल." अम्मींचा चेहरा उतरला.

आम्ही नकार दिला. अशा आवाजाचे नेहमीचे कारण म्हणजे रॅम. रॅम ही तात्पुरती स्मृती. वीज गेली की ती रिकामी होते. फोटो, कागदपत्रे, आवाज असतात हार्ड डिस्कवर. रॅमचा दोष फॉरमॅटने जात नाही. जाते ते आपले साठवलेले.

मग काय करावे? प्लग काढावा आणि सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट उघडल्यावर आधी त्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावावा. अंगातल्या स्थिर विजेने रॅम खराब होऊ शकते. खोबणीच्या टोकाचे चिमटे बाजूला करून पट्टी काढावी. दमट हवेने, धुळीने तिच्या सोनेरी कडेवर थर बसतो. तो स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावा, चुरा झटकावा. खाच जुळवून पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबावी, चिमटा 'टक्' वाजेपर्यंत.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, खोबणीही बदलावी. दोष कुठे आहे ते कळते. नवी घ्यायची तर जुनी सोबत न्यावी. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या खाचा वेगळ्या असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. वॉरंटी चालू असेल तर कॅबिनेटही उघडू नये. कंपनीच्या माणसालाच बोलवावे.

आमची पट्टी पुसून बसवली आणि पडदा उजळला, अल्हम्दुलिल्लाह. त्याच संध्याकाळी लेकीने अब्बांचा आवाज दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. एक आमच्याकडे आहे, एक फुफीकडे. हार्ड डिस्कही कधीतरी जातेच. अमानत एकाच जागी ठेवू नये.